म्हस्के सर आणि पाच गावांची मोटार

मी एकदा पाण्याच्या मोटारीला लाल रिबीन बांधली होती. नुसती बांधली नाही, तिचं फूल केलं. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला शिकवलेलं फूल इतक्या वर्षांनी जमलं म्हणून मी चार पावलं मागं सरकून त्याच्याकडं बघत उभी राहिले. पाणबुडी मोटार, कोरी करकरीत, खाली पांढरी चादर अंथरलेलं टेबल, गळ्यात माझं फूल. नवरीसुद्धा इतकी नटवत नाहीत. त्या मोटारीनं खरं तर विहिरीत जायला पाहिजे होतं. पण मी सांगून टाकलं होतं, उद्घाटन झाल्याशिवाय हिला कुणी हात लावायचा नाही.

तेव्हा मी त्रेपन्न वर्षांची होते, म्हणजे वयानं बाई आणि अकलेनं बालवाडीत. भोकरदन तालुक्यात पंचायतीची विस्तार अधिकारी. पर्समध्ये शिक्का, हाताखाली ग्रामसेवक आणि कार्यक्रम म्हटला की अंगात येणारी. टेबलावर चादर कोणती, हार झेंडूचा की शेवंतीचा, साहेबांच्या शेजारी कोण बसणार, यात मी जेवढं डोकं घातलं तेवढं खात्यात घातलं असतं तर मी कुठल्या कुठं गेले असते. गेले नाही, ते खात्याचं नशीब.

सध्या माझी नात घरात बसून लॅपटॉपवर कसलंसं प्रशिक्षण घेते. परवा पोहे खाताना तिनं मला समजावलं, "आजी, सामायिक सेवा म्हणजे बघ, चार कार्यालयांनी वेगवेगळं करण्यापेक्षा एकत्र मिळून एकच यंत्रणा उभी करायची. नवीन कल्पना आहे." मी पोहे खात राहिले. ही नवीन कल्पना मला जालन्यात एका पत्र्याच्या खोलीत म्हस्के सरांनी घामाघूम होऊन शिकवली होती, आणि मी तेव्हा लोणच्याची बरणी राखत बसले होते, हे तिला काय सांगणार. म्हणून इथं लिहिते.

उत्तम म्हस्के. पंचायतीच्या नोकरांना प्रशिक्षण देणारे सर. अंगानं काटकुळे, मान थोडी पुढं, जणू समोरचा काहीतरी चांगलं बोलणार आहे आणि ते सुटायला नको. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बराबर?" म्हणायचे आणि उत्तराची वाट बघायचे. खरंच बघायचे. आपण मान डोलावली तरी चालायचं नाही, "बराबर" म्हणावं लागायचं. घरात त्यांचा आणि त्यांच्या बाईंचा जवळचं बघायचा चष्मा एकच होता. नंबर सारखा निघाला म्हणून दुसरा केलाच नाही. सर पेपर वाचत असले की बाईंचं तांदूळ निवडणं थांबायचं. हे ते वर्गात अभिमानानं सांगायचे, आणि आम्ही मागच्या बाकावर तोंडाला पदर लावून हसायचो.

त्यांचा विषय एकच. लहान लहान ग्रामपंचायती. एकीला प्लंबर परवडत नाही, दुसरीला घंटागाडी परवडत नाही, तिसरीला हिशोब लिहिणारा मिळत नाही. मग पाच जणींनी मिळून एक माणूस ठेवा, एक गाडी ठेवा, एक मोटार जादा ठेवा. हे कागदावर सगळ्या सरकारांना आवडतं. सरांनी ते परतूरला शिकवलं, टेंभुर्णीला शिकवलं, अंबडला शिकवलं. शिकवलं की लोक टाळ्या वाजवायचे, प्रमाणपत्र घ्यायचे, आणि मेमध्ये त्यांच्या बदल्या व्हायच्या. सर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

माझी त्यांची गाठ पडली ती अशाच एका प्रशिक्षणात. मी जालन्याला आले होते ते सही करून बाजारात जायला. स्टीलचा डबा घ्यायचा होता. पण सरांनी सहीचा कागद काढलाच नाही, म्हणाले सही संध्याकाळी. मग जेवणाची सुट्टी झाली. बघते तर वरण सगळं एका टेबलावर, भात दुसऱ्या टेबलावर, पोळ्या तिसऱ्यावर, भाजी खिडकीपाशी आणि लोणचं आमच्या टेबलावर. सर म्हणाले, "ज्याच्या टेबलावर जे हाय ते त्यानं सगळ्यांना वाढायचं. कुणी उठल्याशिवाय कुणाचं जेवण होत न्हाई. बराबर?"

कुणी उठेना. ग्रामसेवक म्हणजे गावचे राजे, ते वाढायला कशाला उठतील. भातवाले कोरडा भात खायला लागले. पोळीवाले पोळीची गुंडाळी करून चावत बसले. मी तर बरणीचं झाकणच घट्ट लावलं, माझ्याकडं आल्याशिवाय देणार नाही म्हणून. आणि नुसतं लोणचं काही खाता येत नाही. अर्धा घंटा गेला. सर दारात उभे राहून आमच्याकडं बघत होते. रागानं नाही. पोरांनी सोपं गणित चुकवावं आणि मास्तरानं फळ्याकडं बघावं, तसं. शेवटी टेंभुर्णीकडची एक ग्रामसेविका उठली, पोळ्या घेऊन फिरली, मग हळूहळू सगळे उठले. मी सगळ्यात शेवटी. लोणचं वाढायला गेले तोवर सगळ्यांची जेवणं उरकली होती.

दुपारच्या सत्रात त्यांनी एक जू आणलं. खरंखुरं, बैलाचं, कुठल्याशा शेतकऱ्याकडून मागून. करंजवाडी आणि माळेगाव या शिवाला शीव असलेल्या दोन गावांचे ग्रामसेवक एकमेकांशी बोलत नव्हते, कारण गावंच बोलत नव्हती. सरांनी दोघांच्या खांद्यावर ते जू दिलं आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला चालायला लावलं. एक उंच, एक बुटका. उंच्यानं ओढलं की बुटक्याच्या मानेला लागायचं. खोली हसून लोळायला लागली. सर हसले नाहीत.

"तुमच्या गावात वारंगुळा हाय का न्हाई?" त्यांनी विचारलं. "एक बैल ह्याचा, एक त्याचा. आज ह्याचं रान, उद्या त्याचं. कुणाच्या परवानगीनं करता? तहसीलदाराच्या?"

"परवानगी कशाला लागती सर त्याला," बुटका जुवाखालून म्हणाला.

"तेच सांगून राह्यलो," सर म्हणाले. "जिथं साहेबाची सही आली तिथं सेवा संपली. बराबर?"

"बराबर," आम्ही म्हणालो. मीही म्हणाले. आवाज माझाच मोठा होता.

त्या संध्याकाळी त्यांनी मला चहाला थांबवलं. टपरीवर त्यांची ऑर्डर ठरलेली, "दो में तीन." दोन चहा तिघांत. आम्ही दोघंच होतो. तिसरा कप त्यांनी शेजारी बसलेल्या अनोळखी रिक्षावाल्यापुढं सरकवला आणि बशीत चहा ओतता ओतता मला म्हणाले, "मॅडम, मी जूनमध्ये रिटायर होऊन राह्यलो. वरून निरोप हाय, ह्या उन्हाळ्यात एक तरी गट चालून दाखवा, न्हाईतर प्रशिक्षणाची खोली काढून घेऊ. इतकी वर्षं शिकवलं. कुणी म्हणलं, म्हस्के, दाखवा कुठं चाललंय ते, तर दाखवायला एक गाव न्हाई माझ्याकडं."

बशी त्यांच्या हातात तशीच राहिली होती.

"मला जास्ती नको. पाच गावं, एक उन्हाळा. तुमच्या तालुक्यात करंजवाडी, माळेगाव अन् शेजारची तीन. दर उन्हाळ्यात त्यांच्या मोटारी जळतात. वायंडिंग भरायला टाकली की आठ-आठ दिवस गाव बोंबलतं. पाचांत मिळून एक जादा मोटार अन् एक मिस्त्री ठेवू. ज्याची जळली त्यानं न्यायची. एवढंच. तुम्ही मनावर घेतलं तर होईल."

मी मनावर घेतलं. मला तर मनावर घ्यायला काहीही चालायचं, फक्त शेवटी कार्यक्रम पाहिजे.

आमच्या त्या पाच गावांत सरांनी जी वणवण केली ती मी मागच्या सीटवरून पाहिली, कारण जीप माझी होती. धावड्याच्या फाट्यावर उतरायचं आणि तिथून आत. सगळ्यात अवघड करंजवाडी. सरपंच कडुबाई. पन्नाशीची, हातात सतत काहीतरी काम, बोलताना आपल्याकडं बघायची नाही, कामाकडं बघायची. त्या दिवशी ओसरीवर हरभरे पाखडत होती.

"मोटार पाच गावांची," ती म्हणाली, "अन् ठेवायची माळेगावच्या शाळेत. म्हंजी सवतीच्या पेटीत माझं लुगडं."

"शाळा मधोमध पडती म्हणून," सर म्हणाले. "चावी मिस्त्र्याकडं, रफिकभाईकडं. तो कुठल्याच गावचा न्हाई."

"माळेगाववाले देतील का पण वेळ आली की?"

"भांडण असलं तरी तुमच्या सोंगणीला त्यांची माणसं येत न्हाईत का सावडीला?"

"येतात. आम्ही त्यांना जेवू घालतो."

"मंग मोटारीलाही घाला."

कडुबाई पहिल्यांदा हसली. सूप बाजूला ठेवलं. "सर, तुमचं ऐकून आम्ही करून राह्यलो. माझ्या गावातल्या बाया मला बोलतील तर मी तुमचं नाव सांगणार."

"सांगा," सर म्हणाले. ते इतके खूश झाले की उठताना त्यांचं डोकं ओसरीच्या तुळईला लागलं. जीपमध्ये कपाळ चोळत ते मला परत परत विचारत होते, "म्हणली न्हाई का ती मॅडम, करून राह्यलो म्हणून? तुम्ही ऐकलं ना?"

पाचही गावांचे ठराव झाले. ठरावात सरांनी एक ओळ हट्टानं घातली: मोटार नेण्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही. माझ्या वरिष्ठांनी ती ओळ खोडायला सांगितली होती. सर त्यांच्या केबिनबाहेर जेवणाची वेळ टळेपर्यंत उभे राहिले आणि ती ओळ तशीच ठेवून आले. मिस्त्री म्हणजे रफिकभाई, चेनपुली आणि लोखंडी तिपाई टेम्पोत टाकून फिरणारा, पानाच्या डागाची मिशी असलेला शांत माणूस. चावी त्यानं कमरेच्या करदोट्याला बांधली.

मोटार आली चैत्रात. आणि इथं मी कामाला लागले.

जिल्ह्यातला पहिला गट. म्हणजे मोठा पाहुणा पाहिजे. पाहुण्यांच्या माणसानं तारीख दिली. मी पत्रिका छापल्या, मांडव सांगितला, शाळेच्या खोलीत ते टेबल, ती चादर, ते फूल केलं. सर एकदा येऊन बघून गेले. फुलाकडं बघून म्हणाले, "छान हाय मॅडम. कार्यक्रम जल्दी उरका फक्त. ऊन वाढून राह्यलंय." तारीख पुढं गेली. पाहुण्यांना मुंबईला जावं लागलं. दुसरी तारीख मिळाली, तीही गेली. पाहुण्यांच्या घरात लग्न निघालं. तिसरी मिळाली, शुक्रवारची.

त्या आठवड्याच्या मंगळवारी करंजवाडीची मोटार जळली.

रफिकभाईचा फोन आला. "मॅडम, करंजवाडीची गेली. वायंडिंग खल्लास. चाबी तर माझ्याकडंच हाय. तुम्ही हां म्हणा, दुपारपर्यंत नवीन उतरवतो."

मी हां म्हणाले नाही. मी म्हणाले, "शुक्रवारपर्यंत थांबा."

बुधवारी भर उन्हात सर एसटीनं आले. शर्ट पाठीला चिकटलेला, हातात छत्री, पण उघडायचं सुचलेलं दिसत नव्हतं. माझ्या टेबलासमोर ते बसले नाहीत.

"मॅडम, करंजवाडीत कालपासून पाणी न्हाई."

"माहीत आहे सर. टँकरचं बघते मी."

"टँकर बंद व्हावा म्हणून तर हे केलं आपण."

"दोनच दिवस सर. साहेब नक्की येऊन राह्यलेत. पत्रिका वाटून झाल्या."

"असं करू," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला, उधार मागायला आलेल्या माणसासारखा. "मोटार नेऊ. दोन दिवस चालवू. शुक्रवारी सकाळी वर काढू, पुसून घेऊ, तुमच्या टेबलावर ठेवू. फूल मी स्वतः बांधतो. साहेबाला काय कळतंय?"

आणि मी, त्रेपन्न वर्षांची, शासकीय सेवेत केस पांढरे केलेली बाई, त्यांना काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "सर, वापरलेल्या मोटारीचं उद्घाटन कसं करणार?"

हे वाक्य आठवलं की मला अजून हसू येतं आणि मग लाज वाटते. किती खात्रीनं म्हणाले होते मी. जणू उष्टं पान पाहुण्याला वाढायला सांगत होते ते.

सरांनी हात जोडले. छत्री काखेत धरून, कचेरीतले सगळे बघत असताना. "मॅडम, मी लेखी देतो. काही झालं तर माझ्यावर. तुम्ही फक्त परवानगी द्या."

मी पाहुण्यांच्या माणसाला फोन लावला. त्यानं उचलला नाही. परत लावला. मग मी सरांना म्हणाले, "बघा, मी प्रयत्न करून राह्यले." सरांनी मान हलवली. मग ते बाहेर पडले. खिडकीतून दिसत होतं, ते स्टँडच्या बाकावर जाऊन बसले. जालन्याची एक गाडी आली आणि गेली, ते उठले नाहीत. दुसरीला उठले.

पाहुणे शुक्रवारीही आले नाहीत.

शनिवारी करंजवाडीच्या बाया हंडे घेऊन माळेगावात गेल्या, पाणी मागायला. माळेगावनं विहिरीवर त्यांना दोन-दोन हंडे दिले आणि पुरे म्हणून सांगितलं, त्यांचंही पाणी खाली गेलं होतं. परत जाताना वाटेत शाळा. शाळेच्या खिडकीतून त्यांना ती मोटार दिसली. चादरीवर, फूल घालून बसलेली. कुणीतरी म्हणालं, ही आपलीच तर आहे. कुणीतरी दार ढकललं. माळेगावचे लोक धावले, "मॅडमचा हुकूम हाय, हात लावू नका" म्हणत. त्यांचंही चुकलं नव्हतं, हुकूम माझाच होता. ढकलाढकलीत हंडा एकीच्या कपाळावर आपटला. धावड्याला नेऊन टाके घातले. रफिकभाई तिथंच होता. कमरेला चावी होती. तो दोन्ही बाजूंना हात जोडत राहिला.

सोमवारी करंजवाडीनं ठराव केला: आम्ही गटातून बाहेर. त्याच्या मागोमाग दुसरं गाव, मग तिसरं.

आणि त्यानंतर पाहुणे आले. खरंच आले. पाच गावांच्या मांडवात दोन गावांची माणसं बसली होती, तीही सावली होती म्हणून. पाहुण्यांनी माझं फूल कापलं, नारळ फोडला, आणि पाच गावांच्या एकीवर फार सुंदर भाषण केलं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. त्यात पाहुणे आहेत, मोटार आहे, तबक धरलेली मी आहे, दात दाखवत. सर फोटोत नाहीत. ते मागं उभे होते, मांडवाच्या खांबाला धरून. भाषण चालू असताना त्यांचे ओठ हलताना मी पाहिले. मला वाटतं ते "बराबर" म्हणत नव्हते.

मोटार माळेगावच्या विहिरीत उतरली आणि माळेगावचीच झाली.

सरांनी तरी सोडलं नाही. मेअखेरपर्यंत ते त्या तीन गावांत जात होते. एकदा मीही गेले, जीप होती म्हणून, आणि घरी बसवत नव्हतं म्हणूनही. करंजवाडीची मोटार भरून आली होती, पण विहिरीनंच तळ गाठला होता, घराला दोन हंडे मिळत होते. कडुबाई ओसरीवर होती. आम्हाला बसा म्हणाली नाही. सर अंगणात उन्हातच बसले, मातीवर. मी जीपपाशी उभी.

"पुन्हा एकदा करून बघू," सर म्हणाले. "ह्या वेळेस मोटार करंजवाडीत ठेवू. तुमच्या ओसरीवर ठेवू."

कडुबाई हातातलं काम करत राहिली.

"माझा एक महिना राहिला सरपंचबाई. मला फक्त एवढं बघायचंय, की एका गावानं दुसऱ्याची मोटार नेली अन् कुणी काही बोललं न्हाई. एकदा बघू द्या."

कडुबाई आत गेली. तांब्या घेऊन आली आणि सरांच्या पुढं धरला. सरांचे ओठ फाटले होते, पण ते हात पुढं करेनात. त्यांना ठाऊक होतं त्या घरात किती पाणी होतं ते.

"प्या सर," कडुबाई म्हणाली. "हे माझ्या घरचं हाय. सामायिक न्हाई."

सरांनी तांब्या घेतला. प्यायले. सगळा प्यायले, एक थेंब न सांडता, आणि तांब्या दोन्ही हातांनी परत दिला. कडुबाई त्यांच्यावर चिडलेली नव्हती. तेच वाईट होतं. चिडली असती तर सर तिच्याशी भांडले असते आणि भांडण करून समजूत घालणं त्यांना जमायचं. तिनं त्यांची कीव केली. भोकरदन आल्यावर मी चहाचं विचारलं. नको म्हणाले. त्यांनी चहाला नको म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं.

जूनमध्ये ते निवृत्त झाले. त्यांच्या खोलीत जुनी कपाटं आणि मोडक्या खुर्च्या नेऊन टाकल्या, दाराला कुलूप लावलं. निरोप समारंभ मी करणार होते. हार वगैरे सांगूनही ठेवले होते. सर आलेच नाहीत. निरोप पाठवला, तब्येत बरी नाही. पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की कार्यक्रम या गोष्टीला माणूस घाबरूही शकतो.

पुढच्या उन्हाळ्यात मी त्यांच्या घरी गेले. जालन्यात, मागच्या गल्लीतलं दोन खोल्यांचं घर. बाई स्वयंपाकघरात होत्या. सर दारातल्या खुर्चीवर बसून होते, समोर गल्ली, गल्लीत तीन-चार घरांची बोअरची नळकांडी, प्रत्येकाची वेगळी, भिंतीला भिंत लागून. पूर्वीचे सर असते तर त्यांनी त्यावर मला घंटाभर ऐकवलं असतं. ते नुसते बघत होते. अंगात बंडी, मान तशीच पुढं, पण आता कुणी काही बोलणार आहे अशी वाट बघणारी ती मान नव्हती.

मी बसले. घरचं, नातवंडांचं, बदल्यांचं बोलले. त्यांनी हं हं केलं. बोलण्यासारखं संपलं तेव्हा मी जे सांगायला आले होते ते सांगितलं. म्हणाले, "सर, माझ्यामुळं गेलं तुमचं सगळं. मी ते फूल बांधलं नसतं तर पाच गावं चालली असती. तुम्ही दाखवू शकला असता." हे मी घरून पाठ करून आले होते. मला वाटलं होतं ते नाही म्हणतील, किंवा हो म्हणतील. दोन्हींची तयारी होती माझी.

आतून बाईंनी भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग सरांनी माझ्याकडं वळून, अगदी हळू, एखादी गोष्ट खरोखर समजत नसलेल्या माणसासारखं म्हटलं:

"तुमचं जाऊ द्या मॅडम. तुम्हाला तर पटलंच नव्हतं कधी. पण मी जन्मभर लोकांना सांगत आलो, विचारू नका, घेऊन जा. चावी रफिककडं होती. मी सरळ माळेगावला जायला पाहिजे होतं. तर मी भोकरदनला उतरलो अन् तुमच्यापुढं परवानगी मागत उभा राहिलो. वर्षभर ह्या खुर्चीत बसून तेच बघून राह्यलो, मी तुमच्याकडं आल्तो कशाला."